मित्राला ‘हो’ म्हटलं, आता पोटात गोळा येतो

नागपूरच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 38, नोकरी बँकेत. कॉलेजपासूनचा जिवलग मित्र बारा वर्षं कॅनडात राहून परत आलाय आणि येताना दोघांची, हवा भरायची कॅनो (वल्ह्यांनी चालवायची लांबट, उघडी होडी) घेऊन आलाय. तिकडे अल्गोंक्विनच्या जंगलात त्याने पाच-पाच दिवसांच्या सफरी केल्यात. आता डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वैनगंगेवर भंडारा ते पवनी असे चार दिवस जायचं, रात्री काठावर तंबू टाकायचा, असा त्याचा बेत आहे. टपरीवर चहा पिता पिता वाचक ‘हो’ म्हणून बसले आणि आता त्यांना झोप लागत नाही. पोहण्याच्या तलावात एक फेरी कशीबशी मारता येते. खळाळत्या पाण्याची आणि मगरीची भीती वाटते, ‘मी त्याच्यावर ओझं होईन’ हे त्याहून जास्त टोचतं. नाही म्हटलं तर मैत्रीत गाठ पडेल अशी धास्ती आहे. पत्नीला ‘मित्रांसोबत रिसॉर्टला चाललोय’ एवढंच सांगितलंय. जाऊ की नको, असं ते विचारतात.

प्रिय वाचक,

जाऊ की नको, हे नंतर पाहू. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: ‘त्याला सगळं माहीत आहे, त्यामुळे मी काही विचारलं नाही.’ घोडं इथेच पेंड खातंय.

तुमच्या मित्राला कॅनो माहीत आहे. ही नदी माहीत नाही. अल्गोंक्विनमध्ये तळी एकमेकांना पायवाटांनी जोडलेली आहेत, बोट डोक्यावर घेऊन कुठून चढायचं तिथे पिवळी पाटी आहे, मुक्कामाच्या जागेवर नारिंगी पाटी आहे, जागा आधी राखून ठेवता येते आणि खास कॅनोवाल्यांसाठी छापलेला नकाशा मिळतो. म्हणजे अर्धे निर्णय दुसऱ्या कोणीतरी आधीच घेऊन ठेवलेले असतात. वैनगंगेवर यातलं काहीही नाही. वल्हं मारायचं त्याचं कौशल्य खरं आहे, ते इथेही कामाला येईल. पण कुठे थांबायचं, कुठलं पाणी प्यायचं, कुठल्या काठावर उतरायचं नाही, हे त्याला तुमच्याइतकंच माहीत आहे. या बाबतीत तुम्ही दोघंही नवखेच आहात.

याचा पुरावा त्याच्या बेतातच आहे. भंडारा ते पवनी ही रेघ मोबाइलच्या नकाशावर सरळ निळी दिसते. पण पवनीच्या अलीकडे, त्या रेघेला आडवं, गोसेखुर्दचं धरण आहे. 33 दरवाजांची भिंत. ती ओलांडून बोट खांद्यावर घेऊन जाऊ देतील असं धरून चालू नका, आणि दरवाजांच्या जवळ तर पाण्यातून फिरकूच नका. भिंतीच्या खालची नदी वेगळीच असते. किती पाणी सोडलं त्यावर ती चालते. म्हणजे ‘पवनीपर्यंत’ हा बेत कागदावरच मोडतो. हे मित्राला सांगताना खजील होण्याचं कारण नाही. उलट बोलणं सुरू करायला याहून चांगला मुद्दा सापडणार नाही.

दुसरी गोष्ट. तुम्हाला खळाळाची भीती वाटते, आणि मित्राला बहुतेक वाटतंय की प्रवाह आपल्याला वाहून नेईल. दोघंही चुकताय. भंडाऱ्याच्या खालचा बराच पट्टा धरणाचा फुगवटा आहे. तिथे नदी नावाला, प्रत्यक्षात लांबट तलाव. खळाळ नाही, तशी ओढही नाही. प्रत्येक किलोमीटर दंडाच्या जोरावर कापावा लागेल. सामान भरलेली कॅनो दोन माणसं संथ पाण्यात तासाला चार-साडेचार किलोमीटर नेतात. समोरून वारा आला की निम्मी. डिसेंबरअखेरीस आपल्याकडे पावणेसातच्या सुमारास उजाडतं आणि पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो. तंबू आवरणं, चहा, पॅकिंग यात सकाळचे दोन तास जातात, आणि तीनपर्यंत काठाला लागायचं ठरवलं तर हातात पाच-सहा तास उरतात. त्यात जेवण आणि खांदे मोकळे करायला थांबे. पहिल्यांदा बसणाऱ्याने दिवसाला 12 ते 15 किलोमीटरच्या वर हिशेब धरू नये. हे अंतर नदीच्या वळणांसकट मोजायचं, रस्त्याचं नाही.

मगरीचं म्हणाल तर पेंचच्या तोतलाडोहात मगरी आहेत हे खरं, पण तो व्याघ्र प्रकल्पातला जलाशय आहे आणि खासगी बोट घेऊन तिथे जायचा प्रश्नच येत नाही. तुमच्या वाटेवर काय दिसतं ते काठच्या ढिवरांना, म्हणजे मासेमारांना, विचारा. रोज पहाटे डोंगा घेऊन जाणाऱ्या माणसाला जे ठाऊक असतं ते कुठल्याही नकाशात नसतं.

आता ज्याची भीती तुम्हाला वाटत नाही, पण वाटायला हवी, त्याबद्दल.

पहिला नंबर वाऱ्याचा. फुगवट्याचं पात्र जिथे रुंद होतं तिथे दुपारी वारा सुटला की लाटा उठतात. उघड्या कॅनोला फूटभर लाटही पुरे. सामान भरल्यावर बोटीचा काठ पाण्याच्या वर किमान सहा इंच राहिला पाहिजे. राहत नसेल तर सामान कमी करा, ‘चालतंय’ म्हणू नका. हवेची कॅनो पाण्यावर उंच तरंगते, त्यामुळे वारा तिला पानासारखी ढकलतो. रुंद पाणी ओलांडायचं असेल तर ते सकाळी नऊच्या आत. बाकी वेळ काठाला धरून चालायचं, इतकं जवळ की बोट उलटली तर तुम्ही, होय तुम्हीच, जॅकेट घालून पाय मारत काठ गाठू शकाल. लाटांच्या डोक्यावर पांढरा फेस दिसला की चर्चा न करता काठ. पाठीमागून येणारा वारा सुखाचा वाटतो, पण तो तुम्हाला नकळत मधोमध नेऊन सोडतो.

मग बुडालेली झाडं. धरणात पाणी साठलं तेव्हा शेतं आणि गावं बुडाली, झाडांचे खुंट तिथेच राहिले. पाण्याखाली चार इंचांवरचा खुंट फक्त पुढे बसलेल्याला दिसतो, तोही ऊन समोरून नसेल तर. मासेमारीची जाळी पाण्यावरच्या थर्माकोलच्या तुकड्यांवरून आणि प्लास्टिकच्या बाटल्यांवरून ओळखायची. दोन तुकड्यांच्या मधून जायचं नाही, वळसा घालायचा. वल्हं अडकलं तर ओढू नका, थांबून पात्याने जाळं उचला. जॅकेटला छोटी सुरी लावलेली असावी, पण ती माणूस अडकला तर वापरायची. जाळं म्हणजे कुणाचं तरी पोट आहे.

जिथे फुगवटा संपून मूळ पात्र लागतं तिथे, आणि कन्हानसारख्या नदीवर तर खासकरून, रेतीच्या उपशाने पडलेले खड्डे असतात. गुडघाभर पाण्यातून चालता चालता पुढचं पाऊल डोहात जातं. म्हणून बोट ओढत नेतानाही जॅकेट अंगावरच, आणि पुढे वल्ह्याने तळ चाचपत.

पाणी पिण्याबद्दल मित्राला हमखास एक गोष्ट सांगावी लागेल, कारण तिकडे तळ्याचं पाणी फिल्टरमधून गाळून पितात. आपल्या शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळतं. म्हणजे तुम्ही ज्या पाण्यावर तरंगणार आहात त्यात थोडंफार नागपूर आहेच. उकळल्याने जंतू मरतात, विरघळलेली रसायनं जात नाहीत. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी घरून न्या. माणशी रोज पाच-सहा लिटर धरा. दोघांचं दोन दिवसांचं 20 ते 24 लिटर होतं. एवढं वजन बोटीच्या मध्यभागी, तळाशी, बांधून ठेवलं तर बोट उलट स्थिरच होते. हातापायाला जखम असेल तर ती झाका, आणि जेवणाआधी हात घरून आणलेल्या पाण्यानेच धुवा.

राहिले काठ. पवनीकडचा उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचा भाग नदीच्या आणि फुगवट्याच्या शेजारी आहे. परवानगीशिवाय अभयारण्यात शिरणं हा 1972च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा, आणि ‘आम्ही पाण्यातून आलो’ हे काही उत्तर नव्हे. हद्दीबाहेर पडलो म्हणून वाघ मागे थांबतो असंही नाही. जय नावाचा तो प्रसिद्ध वाघ नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्यात आला होता. नागझिरा वैनगंगेच्या पूर्वेला, कऱ्हांडला पश्चिमेला. नदी त्याने कशी ओलांडली हे त्यालाच माहीत, पण ओलांडली. त्यामुळे या पट्ट्यात जंगलाला लागून तंबू टाकून झोपायचा बेत माझ्या मते सरळ रद्द करावा. यात धाडस काही नाही. तुम्हाला काही झालं तर त्याचा त्रास वाघालाही होतो आणि काठच्या गावांनाही.

आता तुमच्या ओझ्याकडे येऊ.

कॅनोत पुढे बसणारा पाहुणा नसतो. वल्ह्याची लय तो ठरवतो, खुंट, जाळं, खडक तो बघतो आणि ओरडून सांगतो. दिशा मागचा सांभाळतो. तुम्ही पुढे बसणार, म्हणजे बोटीचे डोळे तुम्ही. इथे एक गंमत आहे, जिच्यामुळे भल्याभल्या जोड्यांची नदीवर भांडणं होतात. मागच्याला पुढच्याची प्रत्येक चूक दिसते, पुढच्याला मागच्याची एकही दिसत नाही. बोट वाकडी जाते ती बहुतेक मागच्यामुळे, आणि बोलणी खातो पुढचा. हे आधीच हसत बोलून ठेवा. शब्दही ठरवा: ‘डावीकडे’ म्हणजे बोट डावीकडे न्यायची, अडथळा डावीकडे आहे असं नाही. निम्मे अपघात याच गोंधळात होतात, असं म्हणायचा मोह होतो. निदान निम्मी भांडणं तरी नक्की.

आणि एक नियम, जो मान्य नसेल तर बोटीत पाय ठेवू नका: दोघांपैकी एकाने ‘काठ’ म्हटलं की बोट काठाला. कारण विचारायचं ते काठावर उतरून. अनुभवी माणसाला नकाराधिकार असतो हे सगळे मानतात. नवख्यालाही तो असला पाहिजे, कारण पाण्यात पडल्यावर जास्त धोका त्याला आहे.

हे सगळं वैनगंगेवर पहिल्यांदा करून बघायचं नाही. त्याआधी दोन रविवार काढा. रामटेकजवळ खिंडसी तलावावर बोटिंग चालतं. तिथल्या लोकांना विचारून, त्यांची बोट आसपास असताना, काठाजवळ छातीभर पाण्यात मुद्दाम उलटा. हो, मुद्दाम. बोट कलली की माणूस घाबरून दोन्ही हातांनी बोटीचा काठ पकडतो आणि उलट्या बाजूला झोकून देतो. बोट उलटते ती त्यानेच. त्याऐवजी गुडघे टेकून खाली बसायचं, ढुंगण सीटला टेकलेलं, आणि कलत्या बाजूला वल्ह्याचं पातं पाण्यावर आडवं थापायचं. पाच-सात वेळा केलं की अंगात बसतं. उलटलाच तर आधी ओरडून एकमेकांची खबर घ्या, मग बोट धरा. संथ पाण्यात बोट सोडायची नाही, ती तरंगते. वाहत्या पाण्यात प्रवाह जिकडून येतो त्या अंगाला, बोटीच्या मागे राहायचं. पाणी भरलेली बोट शेकडो किलोची होते, तिच्यात आणि दगडात माणूस सापडला तर सुटत नाही. ओढ असेल तिथे उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय दगडात अडकतो आणि पाणी माणसाला पुढे पाडतं. पाठीवर पडून, पाय पुढे आणि वर, असं वाहत काठाकडे सरकायचं. स्वतःला बोटीला कधीच बांधायचं नाही.

जॅकेटवर पैसे वाचवू नका. पाकिटावर तरणशक्ती न्यूटनमध्ये लिहिलेली असते. 50 न्यूटनचं जॅकेट चांगलं पोहणाऱ्यासाठी आहे, तुम्ही 100चं घ्या. घालून सगळे पट्टे आवळा आणि मित्राला खांद्याचे पट्टे धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. पाण्यावर असेपर्यंत ते अंगातून निघणार नाही, चहा पितानाही नाही. ‘मला पोहता येतं’ म्हणून मित्र त्याचं जॅकेट सीटखाली ठेवत असेल तर त्याला एवढंच सांगा की तो बुडाला तर त्याला वाचवणार कोण, तर तुम्ही.

हवेच्या कॅनोबद्दल दोन गोष्टी त्याला तिकडे कळल्या नसतील. आपल्या काठावर बाभूळ आहे. काटा लागला तर ठिगळाचा गोंद पूर्ण पक्का व्हायला जवळपास दिवस जातो. म्हणून बोट काठावर ओढत नेऊ नका, दोघांनी उचला आणि जाड ताडपत्रीवर ठेवा. दुपारी उन्हात ठेवलीत तर आतली हवा फुगते आणि शिवण उसवू शकते, थोडी हवा सोडा. पुन्हा थंड पाण्यात उतरवल्यावर ती पिचकते, तेव्हा भरून घ्या. पंप आणि तिसरं वल्हं बोटीला बांधलेलं हवंच.

जे वाचक दुसऱ्या नदीवर असा बेत करतायत त्यांच्यासाठी थोडक्यात: बंधारा नदीच्या वरच्या अंगाने येताना फक्त पाण्यावरची सरळ रेघ दिसतो, कधी नुसता आवाज येतो. त्याच्यावरून बोट घालायची नाही, पाणी फूटभरच पडत असलं तरी. खाली पडलेलं पाणी उलटं फिरून बोटीला आणि माणसाला तिथेच घोळवत ठेवतं, जॅकेट असलं तरी. खूप आधी उतरून बोट उचलून न्यायची. आणि पावसाळ्यात यातलं काहीच नको. ऑगस्ट 2020च्या अखेरीस वरून मध्य प्रदेशातल्या धरणांचं पाणी सुटलं आणि भंडारा शहरात पूर शिरला. आपल्या डोक्यावर ढग नसतानाही नदी चढते.

तर मग करायचं काय? तुमच्या पत्रात दोनच रस्ते आहेत, चार दिवस जाणं किंवा नाही म्हणणं. मला निदान आणखी दोन दिसतात.

एक, सफर छोटी करा. दोन रविवार खिंडसी, आणि मग वैनगंगेवर फक्त दोन दिवस, आंभोऱ्याच्या पुढे न जाता. आंभोऱ्याला चैतन्येश्वराचं मंदिर आहे, नवा मोठा पूल आहे, तो लांबूनच दिसतो, त्यामुळे उतरायची जागा चुकत नाही. पुलापासून वरच्या बाजूला नकाशावर 25 किलोमीटरच्या आत बसेल असा घाट सुरुवातीला निवडा. मधला मुक्काम काठच्या गावात, आधी जाऊन, विचारून ठरवलेला. एखाद्या अनुभवी ढिवराला त्याच्या डोंग्यासकट सोबत घ्या आणि त्याची दोन दिवसांची मजुरी खळखळ न करता द्या. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे, त्यांच्या भागातल्या कार्यालयात लेखी अर्ज करा, आणि गावच्या पोलीस पाटलाच्या कानावर घाला. रात्री थंडी चांगलीच असते. 29 डिसेंबर 2018ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर आला होता. कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि ब्लँकेट दोन पिशव्यांत, दोन्हींची तोंडं गुंडाळून बंद. काठावर रोडगे भाजायचा बेत असेल तर तो सोडा, सरपण गोळा करत फिरायची ती जागा नाही. गावात जेवण सांगा, दिवसा फुटाणे, गूळ, शेंगदाणे, संत्री.

दुसरा रस्ता मला मनापासून आवडतो, आणि कोणाच्या लक्षातच येत नाही. अशा सफरीला गाडीवाला लागतोच. बोट एकीकडे सुटते, दुसरीकडे पोचते, मग गाडी कोण आणणार? मित्राने तयारीचा दुसरा जोडीदार शोधावा आणि तुम्ही काठाने चला: सकाळी त्यांना उतरवा, दुपारी ठरलेल्या घाटावर पाणी आणि जेवण घेऊन थांबा, संध्याकाळी उचला. हे दुय्यम काम नाही. ठरलेल्या वेळेला बोट आली नाही हे सगळ्यात आधी कळणारा माणूस तुम्ही असाल. आणि शेवटच्या सकाळी तासभर तुम्हीही पुढच्या सीटवर बसून घ्या.

मित्राशी बोलताना ‘मला जमणार नाही’ने सुरुवात करू नका, तो समजूत घालत बसेल. असं काहीतरी म्हणा: ‘अरे, यायचं तर आहे. पण पवनीच्या आधी धरण आहे, ते पाहिलंस का? आणि मला पोहता येतं ते नावापुरतं. आधी दोनदा खिंडसीला जाऊ, मग दोन दिवसांचं बघू.’ जो मित्र हे ऐकून हिरमुसेल तो दोन दिवसांत सावरेल. जो तुमची टिंगल करेल त्याच्या मागे न बसणंच बरं, पुढे बसणं तर सोडाच.

रिसॉर्टचं मात्र आजच दुरुस्त करा. पत्नी रागावेल, रागावू द्या. नदीवर तुमचं काही बिनसलं तर फोन करणारी ती आहे, आणि तिला जर वाटत असेल की तुम्ही कुठल्याशा तरणतलावाच्या कडेला भजी खाताय, तर ती कुणाला काय सांगणार? एका कागदावर लिहून द्या: कुठल्या घाटावरून किती वाजता सुटणार, मुक्काम कुठल्या गावात आणि कोणाकडे, उतरणार कुठे, बोटीचा आणि जॅकेटचा रंग, सोबतच्या डोंगेवाल्याचा नंबर. खाली ठळक अक्षरात: संध्याकाळी पाचला फोन येईल. सातपर्यंत आला नाही तर आधी डोंगेवाला, मग पोलीस पाटील, मग 112. कागद फ्रिजवर लावा आणि त्याचा फोटो मित्राच्या घरीही पाठवा.